बांबूच्या रेट्यावर होडी

एप्रिल-मे महिन्यांत कोकणातल्या कितीतरी नद्यांची डबकी होतात. लोधिवलीजवळची पाताळगंगा मात्र तेव्हाही वाहती असते. हे श्रेय खोपोलीच्या वीजघराचं. टाटांनी १९१५ साली घाटमाथ्यावरच्या तलावांचं पाणी मोठमोठ्या नळांतून सुमारे ५०० मीटर खाली आणून वीज तयार केली आणि त्या विजेवर मुंबईच्या गिरण्या चालवल्या. एरवी भीमेतून कृष्णेला मिळून बंगालच्या उपसागरात गेलं असतं, ते पाणी जनित्रं फिरवून पाताळगंगेत पडतं आणि धरमतरच्या खाडीकडे जातं. कर्जतच्या बाजूला भिवपुरीचं वीजघर उल्हास नदीला असंच पाणी देतं.

अशा उथळ, दगडगोट्यांच्या प्रवाहात वल्ह्याचं पातं तळाला घासतं आणि इंजिनाचा पंखा दगडावर आपटतो. तिथं हवा बांबू. खाडीत ओहोटी लागली की होड्या बांबूनंच रेटाव्या लागतात; केंब्रिजचे विद्यार्थी आणि आफ्रिकेतल्या ओकावांगोचे नावाडीही लांब दांड्यानंच होडी हाकतात. वल्हं मारलं की पाणी मागं सरकतं आणि जोराचा काही भाग तिथंच वाया जातो. बांबू तळावर टेकतो, तळ हलत नाही, म्हणून सगळा रेटा होडीला मिळतो.

बांबू सरळ आणि भरीव हवा. माणगा किंवा मानवेल चांगला, पोकळ कळक तडकण्याची भीती. लांबी होडीत उभं राहून तळ गाठता येईल त्याहून बरीच जास्त हवी. नवखा माणूस बांबू पुढं रोवतो आणि होडी स्वतःच अडवतो. तो रोवायचा आपल्या पायांच्या थोडा मागं, होडीच्या कडेला लागून, आणि हातावर हात चढवत टोकापर्यंत रेटत न्यायचा. ताकद खांद्यांपेक्षा पायांची आणि कमरेची. गाळात बांबू रुतला तर पिळून ओढायचा, तरीही निघाला नाही तर सरळ सोडून द्यायचा. त्याला धरून राहणाऱ्याच्या पायांखालून होडी निघून जाते, ही गंमत काठावरच्यांसाठी असते! म्हणून होडीत एक वल्हं जास्तीचं ठेवावं.

खरी कसोटी प्रवाहाविरुद्ध जाताना. होडीचं जे टोक पाण्यात जास्त बुडलेलं, ते प्रवाह खाली ओढतो. त्यामुळे वर चढताना वजन मागच्या बाजूला घ्यावं, नाळ म्हणजे पुढचं टोक हलकं ठेवावं. प्रवाहाबरोबर उतरताना बांबूचं काम उलटं होतं: तो पुढं टेकवत वेग रोखायचा आणि वजन पुढं घ्यायचं. इंजिनाच्या होडीला हा संथपणा जमत नाही. बांबूवाला खडकाच्या अलीकडे थांबून वाट निवडू शकतो.

पण इथली नदी केवळ डोळ्यांनी वाचून भागत नाही. मुंबईत विजेची मागणी वाढली आणि खोपोलीची जनित्रं जोरात फिरली, की आकाश कोरडं असतानाही खालचं पाणी चढतं. सकाळी गुडघाभर असलेला उतार दुपारीही तेवढाच राहील, असं धरून चालू नका. काठावरच्या माणसांना पाणी सोडण्याच्या वेळा विचारा, लाइफ जॅकेट घाला. कोरडे दगड बुडू लागलेले दिसले की होडी लगेच काठाला लावा. पावसाळ्यात मात्र बांबू घरीच ठेवा.