मधुमालती केव्हा छाटावी?

आमच्या हाउसच्या पश्चिमेकडच्या भिंतीवर मधुमालतीचा वेल आहे. शेजारच्या पलंगावरचा माझा तेलुगू मित्र त्याला राधामनोहरम् म्हणतो. नाव कोणतेही घ्या, एकाच झुपक्यात तीन रंग कसे, हा प्रश्न सगळेच विचारतात.

फूल संध्याकाळी उमलते तेव्हा पांढरे असते. दुसऱ्या दिवशी ते गुलाबी होते, तिसऱ्या दिवशी लाल. सुगंध अधिक येतो तो ताज्या पांढऱ्या फुलांचा, आणि तोही अंधार पडल्यावर. फुलाची नळी दोन-तीन इंच लांब असते. तिच्या तळाच्या मधापर्यंत रात्री उडणाऱ्या मोठ्या पतंगांची सोंड पोचते. त्यांना अंधारात फूल सापडते ते पांढऱ्या रंगामुळे आणि वासामुळे. म्हणून वेल रात्रीच्या प्रेपच्या खिडकीजवळ लावावा. परेडला जाताना भर उन्हात वास घेणाऱ्याच्या हाती फारसे काही लागत नाही.

या वेलाला तणावे नसतात. पान गळले तरी देठाचा खालचा भाग फांदीवर राहतो आणि वाळून काट्यासारखा आकडा होतो. त्याच्या आधाराने वेल चढतो. सपाट भिंतीवर आकडा अडकत नाही, त्यामुळे चार बोटे अंतर सोडून मजबूत तारा ओढाव्यात. वेल फार जड होतो. सुतळी टिकत नाही. ऊन निदान अर्धा दिवस हवे. मुळांतून फुटणारे धुमारे वेळच्या वेळी काढावेत, नाहीतर शेजारचा वाफाही त्याचाच.

आता छाटणी. फुले येतात नव्या फुटीच्या टोकांना. गणवेशाप्रमाणे वेलही कडक दिसावा म्हणून ऐन बहरात निरीक्षणाआधी कात्री चालवली, की कळ्याही जातात. भिंत स्वच्छ दिसते, पण रात्री सुगंध नाही. बहर संपल्यावर, जानेवारी-फेब्रुवारीत छाटावे. उत्तरेत थंडी ओसरू द्यावी. जाई-जुईही नव्या फुटीवरच फुलतात. तमिळनाडूत जाई डिसेंबरच्या अखेरीस आणि जुई जानेवारीच्या अखेरीस छाटण्याची पद्धत आहे.

यंदा आम्ही हाउस मास्टर सरांना विनंती केली आहे: निरीक्षणाआधी लोंबत्या फांद्या तारांना बांधू द्याव्यात, कात्री जानेवारीत. त्यांचे उत्तर अजून यायचे आहे. तारा मात्र आम्ही ताणून ठेवल्या आहेत.