जॉबकार्डावर लिहिलं, तेवढंच टिकतं
नव्या गाडीत दोष निघाला तर? काही गैरसमज आणि वस्तुस्थिती

सुदुंबऱ्यात संताजी महाराज जगनाडे यांची समाधी आहे. चाकणला जन्मलेल्या संताजींनी तुकोबांचे अभंग लिहून ठेवले, म्हणून ते आपल्यापर्यंत आले, असं वारकरी परंपरा सांगते. बोललेलं विरून जातं आणि लिहिलेलं उरतं, हे या गावाला वेगळं सांगायची गरज नाही.

आज याच गावाच्या एका अंगाला तळेगावचे कारखाने आहेत आणि दुसऱ्या अंगाला चाकणचे. बजाज, महिंद्रा, फोक्सवॅगन, मर्सिडीज यांच्या गाड्या या पट्ट्यात घडतात. गावोगावची माणसं तिथे पाळीवर जातात. पण स्वतःच्या पैशाने घेतलेल्या नव्या गाडीचा क्लच महिन्याभरात गेला, की हीच माणसं सर्व्हिस सेंटरच्या काउंटरवर निरुत्तर होतात, कारण कायद्याबद्दल त्यांच्या कानावर आलेलं बहुतेक ऐकीव असतं. त्यातलं खरं किती आणि खोटं किती, ते इथे एकेक करून पाहू.

गैरसमज १ : एकदा शोरूममधून गाडी बाहेर काढली की विषय संपला.

वस्तुस्थिती : विषय तिथेच सुरू होतो. अमेरिकेत सदोष गाड्यांसाठी वेगळे ‘लेमन लॉ’ आहेत. कनेक्टिकट राज्याने १९८२ साली असा कायदा केला. आपल्याकडे फक्त गाड्यांसाठी वेगळा कायदा नाही, पण ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ गाडीलाही पूर्णपणे लागू होतो. हा कायदा जुलै २०२० पासून अमलात आहे. सदोष माल परत घ्यायला आणि पैसे द्यायला बिलावरच्या मुदतीत नकार देणं ही त्यात अनुचित व्यापारी प्रथा मानली आहे. बिलावर मुदत नसेल, तर ती तीस दिवसांची धरली जाते. त्यामुळे ‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ हे बिलावर छापलेलं वाक्य कायद्यापुढे टिकत नाही.

गैरसमज २ : दोष सिद्ध झाला की नवी गाडी मिळतेच.

वस्तुस्थिती : या एका समजापायी अनेकांची निराशा होते, म्हणून हा मुद्दा नीट पाहायला हवा. दोष काढून देणं, माल बदलून देणं, पैसे व्याजासह परत करणं, नुकसानभरपाई देणं, यांपैकी कोणताही आदेश ग्राहक आयोग देऊ शकतो. पण कोणता द्यायचा, ते दोष किती खोल आहे यावर ठरतं.

२००६ साली मारुती उद्योगच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने पूर्ण गाडी बदलून देण्याचा आदेश उचलून धरला नाही. वॉरंटीत सदोष भाग बदलून देण्याची हमी होती, तेव्हा भाग बदलावा आणि झालेल्या त्रासापोटी ५०,००० रुपये द्यावेत, असं न्यायालयाने ठरवलं. म्हणजे एखादा भाग बदलून गाडी सुधारत असेल, तर नव्या गाडीचा आग्रह सहसा टिकत नाही. फियाट इंडियाच्या एका प्रकरणात न्यायालयाने दुसरी बाजू स्पष्ट केली. गाडीत मूळचाच उत्पादन-दोष असल्याचं स्वतंत्र तज्ज्ञाने सांगितलं, तर ग्राहक पैसे परत मिळण्यास पात्र ठरतो.

या दोन्हींतून धडा एकच निघतो. तोच दोष पुन्हा पुन्हा येतो आणि दुरुस्त करूनही जात नाही, हे दाखवता आलं पाहिजे. चार वेळा गाडी नेली आणि चारही वेळा जॉबकार्डावर, म्हणजे सर्व्हिस सेंटरच्या कामाच्या नोंदीच्या कागदावर, ‘जनरल चेकअप’ एवढंच लिहिलेलं असेल, तर तुमचा चार वेळचा हेलपाटा कागदावर कुठेच दिसत नाही.

गैरसमज ३ : इंजिनियरचा दाखला नसेल तर तक्रार टिकत नाही.

वस्तुस्थिती : इंजिन खेचत नाही, गिअर अडकतो, अशा तक्रारींत तज्ज्ञाच्या अहवालाला मोठं वजन असतं. तपासणीशिवाय दोष ठरवता येत नसेल, तर आयोग योग्य प्रयोगशाळेकडून तपासणी करवून घेऊ शकतो. पण दरवेळी तशी गरज पडत नाही.

२०२२ च्या एप्रिलमध्ये ह्युंदाईच्या एका गाडीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ग्राहकाच्या बाजूने निकाल दिला. गाडी २०१५ साली घेतलेली होती, २०१७ साली तिला समोरून अपघात झाला आणि एअरबॅग उघडल्याच नाहीत. धडक किती वेगाची होती आणि किती बळाची, याचा हिशेब सामान्य ग्राहकाने मांडावा अशी अपेक्षा ठेवता येत नाही, असं न्यायालय म्हणालं. भरपाई कायम राहिली आणि गाडी बदलून देण्याचा आदेशही कायम राहिला.

गैरसमज ४ : गाडी घेऊन दोन वर्षं झाली की तक्रारीचा हक्क गेला.

वस्तुस्थिती : तक्रारीची मुदत दोन वर्षं आहे, पण ती तक्रारीचं कारण घडल्यापासून मोजतात. एअरबॅग उघडते की नाही, हे अपघाताआधी कुणाला कळणार? वर सांगितलेल्या प्रकरणात म्हणूनच न्यायालयाने दोष उघड झाल्यापासून मुदत धरली. उशिराचं सबळ कारण असेल तर आयोग तो माफही करू शकतो. मात्र ‘बघू, पुढच्या सर्व्हिसिंगला करून देतो’ या आश्वासनावर महिने घालवू नका. तोंडी आश्वासनाने मुदत थांबत नाही.

गैरसमज ५ : डीलर कुठला का असेना, जबाबदारी कंपनीचीच.

वस्तुस्थिती : चूक कोणाची, यावर ते ठरतं. गोव्यातल्या एका ग्राहकाने २०११ ची नवी गाडी बुक केली होती. त्याच्यापुढे आली ती २००९ ची, ६२२ किलोमीटर धावलेली गाडी. २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने टाटा मोटर्सला या प्रकरणातून मोकळं केलं. डीलरच्या या वागण्याची कंपनीला माहिती होती असा पुरावा नव्हता, आणि दोघांमधला व्यवहार स्वतंत्र व्यापाऱ्यांमधला होता. डीलरची जबाबदारी मात्र सुटली नाही.

म्हणून ताबा घेताना चॅसिस नंबर, इंजिन नंबर, उत्पादनाचा महिना आणि किलोमीटरचा आकडा स्वतः पाहा आणि फोटो काढून ठेवा. तक्रार करताना डीलर आणि कंपनी दोघांनाही प्रतिपक्ष करा. मग दोघे एकमेकांकडे बोट दाखवत असतील, तर ते त्यांना आयोगासमोर दाखवावं लागतं.

गैरसमज ६ : पिवळ्या पाटीच्या गाडीला ग्राहक कायदा लागू नाही.

वस्तुस्थिती : आपल्या पट्ट्यात हा समज सर्वांत जास्त नुकसान करतो. कर्ज काढून टेम्पो किंवा कॅब घ्यायची आणि चाकणच्या कंपनीत लावायची, यावर कितीतरी घरं चालतात. व्यापारी हेतूने घेतलेला माल कायद्याबाहेर आहे, हे खरं. पण स्वयंरोजगारासाठी, केवळ पोटापाण्यासाठी घेतलेली वस्तू ‘व्यापारी हेतू’त धरली जात नाही, असं कायद्यातच लिहिलं आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९९५ सालीच हा फरक स्पष्ट केला होता. स्वतः चालवून पोट भरण्यासाठी रिक्षा घेणारा माणूस ग्राहकच आहे. दहा गाड्या आणि दहा ड्रायव्हर ठेवून धंदा करणाऱ्याची गोष्ट वेगळी. तक्रारीत ही गाडी हेच आपलं उपजीविकेचं साधन असल्याचं स्पष्ट लिहा.

जुलै २०२४ मध्ये न्यायालयाने आणखी एक मुद्दा निकाली काढला. कंपनीच्या नावावर असलेली, पण संचालकांच्या वापरासाठी घेतलेली मोटारही निव्वळ तेवढ्यावरून व्यापारी हेतूची ठरत नाही.

गैरसमज ७ : कंपनीने देश सोडला, आता दाद कुणाकडे मागणार?

वस्तुस्थिती : तळेगावला हे प्रत्यक्ष घडलं. जनरल मोटर्सने मे २०१७ मध्ये भारतातली विक्री थांबवत असल्याचं जाहीर केलं आणि २०२० च्या अखेरीस तळेगावचं उत्पादनही थांबलं. आज तो कारखाना ह्युंदाईकडे आहे. पण विक्री थांबली म्हणून दिलेली वॉरंटी रद्द होत नाही. उत्पादकावर नोटीस बजावणंच शक्य नसेल, तर विक्रेत्याला जबाबदार धरण्याची तरतूद २०१९ च्या कायद्यात आहे.

गैरसमज ८ : बाहेरच्या गॅरेजात हात लावला की वॉरंटी संपली.

वस्तुस्थिती : भारतीय स्पर्धा आयोगाने ऑगस्ट २०१४ मध्ये १४ मोटार कंपन्यांना दंड केला. स्वतंत्र गॅरेजात गाडी नेली म्हणून सरसकट वॉरंटी रद्द करणारी अट घालू नये, असंही सांगितलं. त्या आदेशाविरुद्ध कंपन्या अपिलात गेल्या. तरीही वॉरंटीतली दुरुस्ती अधिकृत ठिकाणीच करा आणि वायरिंगमध्ये फेरफार टाळा. ग्राहकाने केलेल्या फेरफारामुळे हानी झाली, तर कायदाही तुमची बाजू घेत नाही.

गैरसमज ९ : केस म्हणजे वकील, भरमसाट फी आणि कंपनीच्या गावच्या चकरा.

वस्तुस्थिती : तुम्ही राहता किंवा काम करता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. सुदुंबऱ्याच्या माणसाला पुणे जिल्हा आयोगाकडे जाता येतं, बिलावर कुठल्याही शहराचं न्यायक्षेत्र छापलेलं असो. दिलेली किंमत ५० लाखांपर्यंत असेल, तर प्रकरण जिल्हा आयोगातच चालतं. ५ लाखांपर्यंत फी नाही. १२ लाखांच्या गाडीसाठी ती फक्त ४०० रुपये आहे. वकील सक्तीचा नाही, तक्रार ऑनलाइनही दाखल होते. त्याआधी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर फोन करून पाहा.

प्रकरण तीन महिन्यांत, आणि तपासणी लागली तर पाच महिन्यांत निकाली काढावं, असं कायदा म्हणतो. प्रत्यक्षात तारखा लांबतात, तेव्हा धीर ठेवावा लागतो. मात्र आदेश झाल्यावर कंपनीला अपील करायचं असेल, तर रकमेचा निम्मा भाग आधी भरावा लागतो. आणि तोवर कर्जाचे हप्ते थांबवू नका. बँकेचा करार वेगळा असतो.

उद्या सर्व्हिस सेंटरला जाल तेव्हा

सही करण्याआधी जॉबकार्ड वाचा. तारीख, किलोमीटर आणि तक्रार तुमच्या शब्दांत आहे का, ते पाहा. ‘तिसऱ्या गिअरला गाडी झटके देते, हीच तक्रार तिसऱ्यांदा’ असं लिहायला लावा. प्रत मागून घ्या. त्याच दिवशी डीलर आणि कंपनीला ईमेल करा. काम झालं नसेल तर ‘काम समाधानकारक’ या ओळीखाली सही करू नका. काउंटरवरचा माणूस घाई करील, तरी पाच मिनिटं थांबा. कष्टाच्या पैशाने घेतलेल्या गाडीसाठी तुम्ही पुढे जे काही मागाल, ते त्या पाच मिनिटांत लिहिलेल्या ओळींवर उभं राहणार आहे.