तुणतुण्याचा दुप्पट सूर

‘त्याचं आपलं एकच तुणतुणं,’ असं आपण सहज म्हणून जातो. एकच गोष्ट घोळवत बसणाऱ्या माणसासाठी मराठीने या वाद्याचं नाव राखून ठेवलं आहे. तुणतुण्याला एक तार आणि एक सूर, हे खरंच. पण त्या एका तारेच्या आत पदार्थविज्ञानाचं जे चाललेलं असतं, ते मी ज्या दिवशी समजून घेतलं, त्या दिवसापासून हा वाक्प्रचार माझ्या तोंडून निघालेला नाही.

अंबाजोगाईच्या आसपास लग्नानंतर गोंधळ घालण्याची चाल आजही आहे. पाच उसांखाली घट मांडायचा, दिवटी पेटवायची आणि माहूरची रेणुका, तुळजापूरची भवानी, गावची योगेश्वरी अशा सगळ्यांना आवतन द्यायचं. शेजारच्या परभणीच्या राजाराम कदमांसारख्या गोंधळ्यांनी ही कला मराठवाड्याबाहेर नेली. गोंधळ बघणाऱ्याचं लक्ष नायकाकडे असतं, कानात संबळ घुमत असतो. तुणतुणंवाला बाजूला उभा राहून झील ओढत असतो. एकदा जागा नव्हती म्हणून मी त्याच्याजवळ जाऊन बसलो. संबळाच्या एवढ्या दणक्यातही त्याची तार स्वच्छ ऐकू येत होती. हातभर लांबीच्या त्या वाद्यात एवढा आवाज येतो कुठून?

हाच प्रश्न शंभर वर्षांपूर्वी अमेरिकेत गिटार वाजवणाऱ्यांना पडला होता. बँडमधल्या पितळी वाद्यांपुढे त्यांची लाकडी गिटार ऐकूच येत नसे. जॉर्ज बोशॅम्प हा वादक गाऱ्हाणं घेऊन जॉन डोपेरा या स्लोव्हाक कारागिराकडे गेला. 1927 साली डोपेराने लॉस एंजेलिसमध्ये उत्तर शोधलं. धातूच्या गिटारीच्या पोटात त्याने कागदासारख्या पातळ ॲल्युमिनियमचे तीन शंकू बसवले आणि तारांचा भार त्यांच्यावर टाकला. हीच रेझोनेटर गिटार. पुढे एकाच मोठ्या शंकूची, स्वस्त गिटार आली आणि मिसिसिपीच्या कापसाच्या मुलखात ब्लूज गाणाऱ्यांनी ती उचलली. सन हाउस, बुका व्हाइट ही त्यातली मोठी नावं. बोटात बाटलीची मान किंवा लोखंडी नळी घालून ती तारेवरून सरकवत ही मंडळी गात. पडद्यांच्या पायऱ्या नाहीत, सूर घसरत जातो. आपल्याकडे मींड म्हणतात तीच गोष्ट. म्हणूनच राजस्थानचे विश्वमोहन भट्ट आणि अमेरिकेचा राय कूडर एकत्र वाजवायला बसले, तेव्हा दोघांना एकमेकांची भाषा शिकावी लागली नाही. त्यांच्या ध्वनिमुद्रिकेला 1994 साली ग्रॅमी मिळालं.

या ब्लूजवाल्यांपैकी अनेकांचं पहिलं वाद्य मात्र गिटार नव्हतंच. घराच्या लाकडी भिंतीला दोन खिळे, त्यांच्यात झाडूची ताणलेली तार, तारेखाली अडकवलेली बाटली. झालं वाद्य. तार एक, आणि अख्खं घर तिचा भोपळा. कापूस वेचणाऱ्यांच्या पोरांनी तिथे जे केलं, ते आपल्याकडे गोंधळ्यांनी आणि शाहिरांनी केव्हाच करून ठेवलं होतं.

नुसती तार फार थोडा आवाज करते. ती इतकी बारीक असते, की हलताना हवा तिच्या दोन्ही बाजूंनी निसटून जाते. हवा ढकलायला पसरट पृष्ठभाग लागतो, आणि तो हलका हवा. जड लाकूड तारेच्या जोराला दाद देत नाही. पातळ शंकू किंवा ताणलेलं कातडं लगेच देतं. पण तारेला छेडताना आपण दिलेली ऊर्जा ठरलेली असते. तंबोऱ्याची तार ती पुरवून पुरवून वापरते, म्हणून लांबवर गुंजत राहते. रेझोनेटर आणि तुणतुणं ती भराभर उधळतात, म्हणून त्यांचा आवाज मोठा, कोरडा आणि लवकर विरणारा असतो. गर्दीतून वाट काढायला असाच आवाज लागतो.

इथपर्यंत दोन्ही वाद्यं सख्खी भावंडं. इथून पुढे मात्र तुणतुणं एकटंच जातं, आणि माझ्या मते जास्त विलक्षण ठरतं.

गिटारीत तार शंकूवरच्या घोडीवरून आडवी जाते आणि वरखाली हलताना शंकूला दाबते. तुणतुण्यात घोडी नाही. पोकळ नळकांड्याच्या बुडाला कातडं मढवलेलं असतं. तार त्या कातड्याच्या मध्यातून निघते, सरळ वर जाते आणि बांबूच्या काठीवरच्या खुंटीला गुंडाळलेली असते. म्हणजे तार कातड्यावर काटकोनात उभी. ती डावीउजवीकडे हलते, कातडं मात्र वरखाली हलायला हवं. मग जोर पोहोचतो कसा?

अंगणातली कपडे वाळत घालायची दोरी आठवा. ती मध्येच धरून वर उचला, दोन्ही टोकांचे खुंट आत ओढले जातात. खाली दाबा, तरी आतच ओढले जातात. तारेचंही तसंच आहे. डावीकडे गेली की ताण वाढतो, उजवीकडे गेली तरी वाढतो. एका हेलकाव्यात कातड्याला दोन हिसके. तार सेकंदाला 200 वेळा हलत असेल, तर हे हिसके 400 होतात, म्हणजे बरोबर वरच्या सप्तकातला तोच सूर. काठी थोडी लवते, तार अगदी काटकोनात कधीच नसते, त्यामुळे मूळ सूरही झिरपतो. आपल्याला ऐकू येतं ते या दोघांचं मिश्रण.

हे मिश्रणही स्थिर नसतं. तार दुप्पट बाजूला खेचली, तर तिच्यातला जादा ताण दुप्पट नव्हे, चौपट होतो. म्हणून जोरात छेडलं की वरचा सूर मूळ सुराहून कितीतरी वेगाने वाढतो आणि आवाजाचा रंगच पालटतो. शिवाय ताण वाढला की सूरही क्षणभर चढतो, आणि तार शांत होता होता खाली उतरतो. तुणतुण्याच्या प्रत्येक छेडीत ती जी बारीक घसरण ऐकू येते, तिला नळी लागत नाही, काच लागत नाही. झीलकऱ्याच्या बोटांतला जोर तेवढा पुरतो. त्याच्याकडे एकच सूर असतो, पण त्या सुराचा रंग आणि उतार तो क्षणाक्षणाला बदलत असतो.

आपल्या एकतारी वाद्यांकडे एका मोठ्या शास्त्रज्ञाचं लक्ष गेलं होतं. 1909 साली चंद्रशेखर वेंकट रामन यांनी एकतारीवर एक लेख प्रसिद्ध केला. तेव्हा ते विशीत होते, सरकारच्या अर्थखात्यात नोकरी करत होते आणि मोकळ्या वेळात कलकत्त्याच्या प्रयोगशाळेत तारांवर प्रयोग करत होते. तारेचा ताण ठरावीक लयीत कमी-जास्त केला तर ती कशी वागते, हा त्या काळात त्यांच्या आवडीचा विषय होता. पुढे पखवाज-तबल्याच्या शाईवरचं त्यांचं काम गाजलं आणि 1930 साली प्रकाशाच्या संशोधनासाठी नोबेल मिळालं. एकतारीचा तो लेख मात्र आज कोणाला आठवत नाही.

रेझोनेटर गिटार आज संग्राहक जपतात, तिच्या एकेका शंकूची चर्चा करतात. आपल्या तुणतुण्याच्या कातड्याची जाडी किती, पावसाळ्यात ते ओलावून सैल पडलं की वरच्या सुराचं काय होतं, पत्र्याच्या नळकांड्याने आणि लाकडाच्या नळकांड्याने काय फरक पडतो, हेही मोजण्यासारखंच आहे. त्याला मोठी प्रयोगशाळा लागत नाही. बीडच्या बलभीम महाविद्यालयातल्या, अंबाजोगाईच्या योगेश्वरी महाविद्यालयातल्या पदार्थविज्ञानाच्या विद्यार्थ्यांना माझी विनंती आहे: गावातल्या गोंधळ्याला एक दिवस विभागात सन्मानाने बोलवा. त्यांना तुणतुणं आधी हळू, मग जोरात छेडायला सांगा, मोबाइलवर ध्वनिमुद्रण करा आणि दोन्ही सुरांचे आलेख शेजारी शेजारी मांडा. तो आलेख छापाल तेव्हा वाजवणाऱ्याचं नाव सगळ्यांत वर लिहा.