फुकटच्या 'अ‍ॅक्टिव्हेशन'मागचा तोतया सर्व्हर

नवा संगणक जुळवून देताना 'विंडोजचे पैसे कशाला घालवता?' असे विचारणारा दुकानदार शहरी ग्राहकाला अपरिचित नाही. एक छोटा प्रोग्राम चालवला की पडद्याच्या कोपऱ्यातील 'अ‍ॅक्टिव्हेट विंडोज' ही सूचना नाहीशी होते. ती कशी जाते, हे मात्र सहसा कोणी विचारत नाही.

मायक्रोसॉफ्टने २००१ मध्ये 'विंडोज एक्सपी'च्या सर्वसामान्य ग्राहकांना अ‍ॅक्टिव्हेशनची सक्ती केली. मोठ्या कंपन्यांसाठी पुढे 'की मॅनेजमेंट सर्व्हिस' म्हणजेच 'केएमएस' ही सोय आली. तीत कंपनीचा स्वतःचा सर्व्हरच कार्यालयातील संगणकांना मान्यता देतो. ही मान्यता १८० दिवस टिकते आणि संगणक अधूनमधून सर्व्हरशी संपर्क साधून ती वाढवून घेतो.

'केएमएसपिको'सारखी साधने नेमका याच व्यवस्थेचा गैरफायदा घेतात. ती आपल्याच संगणकात एक तोतया सर्व्हर उभा करतात आणि विंडोज त्याला कंपनीचा सर्व्हर समजते. मुदत संपू नये म्हणून ही मान्यता पुन्हा पुन्हा मिळवण्याची तजवीजही केलेली असते.

खरी मेख पुढे आहे. या कामासाठी प्रोग्रामला संगणकाचे सर्वाधिकार लागतात. अँटिव्हायरस हरकत घेतो, तेव्हा 'तो आधी बंद करा' अशी सूचना सोबत असतेच. हे म्हणजे चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या देणे झाले! अशा साधनाच्या नावाखाली दुसरेच काही आत शिरले, तर ते ओळखणार कोण? डिसेंबर २०२१ मध्ये 'रेड कॅनरी' या सुरक्षा कंपनीने असाच प्रकार उघडकीस आणला. केएमएसपिकोच्या बनावट इन्स्टॉलरमधून 'क्रिप्टबॉट' पसरत होता. ब्राउझरमधील माहिती आणि आभासी चलनाची पाकिटे हे त्याचे लक्ष्य होते. रशियाच्या लष्करी गुप्तचर यंत्रणेशी जोडला जाणारा 'सँडवर्म' गट युक्रेनमध्ये हीच युक्ती वापरत असल्याचा अहवाल 'इक्लेक्टिकआयक्यू'ने फेब्रुवारी २०२५ मध्ये दिला.

कायद्याचा भाग वेगळाच. प्रताधिकार कायदा, १९५७ च्या कलम ६३-ब नुसार संगणक प्रोग्रामची बेकायदा प्रत जाणूनबुजून वापरल्यास किमान सात दिवस ते तीन वर्षे कैद आणि ५० हजार ते दोन लाख रुपये दंडाची तरतूद आहे.

वास्तविक, अ‍ॅक्टिव्हेट न केलेले विंडोज १० वा ११ बंद पडत नाही. परवान्याचा प्रश्न उरतो, पण व्यवहारात ती सूचना दिसत राहते आणि पडद्याची सजावट बदलता येत नाही, इतकेच. ज्यांनी असे साधन चालवले आहे, त्यांनी मात्र ते नुसते काढून टाकण्यावर विसंबू नये. संगणक फॉरमॅट करून विंडोज अधिकृत प्रतीवरून पुन्हा टाकावे आणि बँक व ई-मेलचे पासवर्ड दुसऱ्या सुरक्षित यंत्रावरून बदलावेत.