शाळेचे दप्तर आणि स्वयंसेवक

शहानूर नदीच्या काठी वसलेले अंजनगाव सुर्जी हे वऱ्हाडातील एक जुने गाव आहे. ३० डिसेंबर १८०३ रोजी दौलतराव शिंदे आणि इंग्रज यांच्यातील तह येथे झाला. येथील पानमळेही प्रसिद्ध आहेत. अशा गावात माणसे एकमेकांना घराण्यासकट ओळखतात; सकाळी वर्गात घडलेली गोष्ट दुपारपर्यंत मळ्यात पोहोचते. म्हणून येथे शाळेच्या मदतीस येणाऱ्या स्वयंसेवकाला फार जपून वागावे लागते.

हा स्वयंसेवक कधी निवृत्त शिक्षक असतो, कधी एखाद्या मुलाची आई. केंद्र सरकारने २०१६ साली सुरू केलेल्या ‘विद्यांजली’ योजनेतूनही अशी माणसे शाळेत येतात. ती मुलांना वाचन शिकवितात, ग्रंथालय लावून देतात. काम करता करता कुणाचे गुण, कुणाच्या घरची अडचण त्यांच्या दृष्टीस पडते. दाखल-खारीज रजिस्टर समोर उघडे असले, तर मुलाची जन्मतारीख व जातही दिसते.

आरोग्य तपासणीच्या दिवशी तर ही कसोटीच असते. स्वयंसेवक वजनकाट्याजवळ उभा राहतो. काटा दाखवील तो आकडा त्याने मुकाट्याने कागदावर लिहावयाचा असतो. पण उत्साहाच्या भरात तो मोठ्याने पुकारला जातो. रांगेतली चाळीस मुले हसतात आणि त्या मुलाला वर्षभर पुरेल असे टोपणनाव मिळते. पुकारणाऱ्याच्या मनात काही वाईट नसते, हे खरे. परंतु टोपणनाव त्याला सोसावे लागत नाही! मुलाचे वजन डॉक्टरांना, पालकांना आणि वर्गशिक्षकांना कळणे आवश्यक असते. शेजारच्या काकूंना त्याचा काय उपयोग?

छायाचित्रांचेही असेच आहे. मोफत गणवेश घेणाऱ्या मुलीचे चित्र भ्रमणध्वनीवरून गावभर गेले, तर तिची गरिबीही त्याबरोबर गावभर जाते. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी खासगीपणा हा प्रत्येक नागरिकाचा मूलभूत हक्क आहे, असा निर्णय एकमताने दिला. हा हक्क लहान मुलांनाही आहे. अठरा वर्षांखालील मुलांची माहिती संगणकादी साधनांवर वापरणाऱ्या संस्थांनी आधी पालकांची संमती घ्यावी, असे २०२३ साली संसदेने केलेल्या कायद्यात म्हटले आहे.

एक गोष्ट मात्र निराळी आहे. घरी आपल्याला मारहाण होते, असे एखादे मूल हळूच सांगते आणि ‘कोणाला सांगू नका’ अशी गळ घालते. असे वचन स्वयंसेवकाने देऊ नये. ‘तुला मदत करू शकतील अशांनाच मी सांगेन’, असे त्याने मुलाला स्पष्ट सांगावे आणि त्याच दिवशी मुख्याध्यापकांना भेटावे. मुलांच्या मदतीसाठी १०९८ हा दूरध्वनी क्रमांकही आहे. मात्र हे बोलणे मुख्याध्यापकांच्या खोलीत, दार लोटून व्हावयास हवे, व्हरांड्यात नव्हे.