अंबाडी नाक्यावरून गणेशपुरीकडे : ध्यानाच्या एका दशकाचा मागोवा

संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने 6 डिसेंबर 2024 रोजी ठराव करून 21 डिसेंबर हा जागतिक ध्यान दिन म्हणून घोषित केला आणि त्याच महिन्यात तो पहिल्यांदा साजरा झाला. चित्त एखाद्या आलंबनावर, मग तो श्वास असो, मंत्र असो वा शरीरातील संवेदना, पुन्हा पुन्हा आणून स्थिर करण्याचा अभ्यास म्हणजे ध्यान, अशी या संज्ञेची साधी व्याख्या करता येते. या अभ्यासाला जगाची मान्यता मिळाली, याचे समाधान मोठेच आहे. परंतु ज्या भूमीतून विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ध्यानाचा एक ठळक प्रवाह परदेशी गेला, त्या अंबाडी–वज्रेश्वरी–गणेशपुरी पट्ट्याची आजची अवस्था पाहता ते समाधान निर्भेळ राहत नाही.

अंबाडी हे भिवंडी–वाडा रस्त्यावरील नाक्याचे गाव असून येथूनच वज्रेश्वरीचा फाटा फुटतो. तानसा नदीच्या काठाने अकलोली आणि गणेशपुरी येथे गरम पाण्याची कुंडे आहेत. भूगर्भातील भेगांतून खोल झिरपलेले पाणी तापून पुन्हा वर येते आणि कोकणपट्टीत ठिकठिकाणी असे झरे आढळतात. चिमाजी अप्पांच्या 1739 च्या वसई विजयाशी वज्रेश्वरीच्या मंदिराची परंपरा जोडलेली आहे. पहाटे कुंडाच्या कठड्यावर बसून आधी पायाचा अंगठा बुडवायचा, चटका सोसेनासा झाला की पाय वर ओढायचा, मग पोटरीपर्यंत, मग कमरेपर्यंत उतरायचे आणि गळ्याशी पाणी आले की आपोआप बोलणे थांबायचे, हा या परिसरातील स्नानाचा क्रम अनेक पिढ्यांनी पाळलेला आहे. मन शांत करण्याची ही रीत कोणत्याही आश्रमाच्या आधीची आहे आणि तिला कधी शुल्क नव्हते, हे आरंभीच नोंदवणे आवश्यक आहे.

भगवान नित्यानंद 1930 च्या दशकात या भागात आले आणि 8 ऑगस्ट 1961 रोजी गणेशपुरीतच त्यांनी देह ठेवला. लंगोटीखेरीज वस्त्र नाही, प्रवचन नाही, ग्रंथलेखन नाही, दर्शनाला आलेल्यांशी बोलणेही मोजकेच, अशा या अवधूताभोवती मुंबईचे भक्त जमू लागले. गावातील मुलांना जेवू घालण्याची, म्हणजे बालभोजनाची, प्रथा त्यांच्याच नावाशी निगडित असून ती आजही चालू आहे. त्या काळातील चमत्कारकथांचा साठा प्रचंड आहे. परंतु ध्यानात प्रत्यक्ष काय घडते हे त्या कथांतून जवळजवळ कळत नाही, म्हणून या मागोव्यात त्यांच्यापाशी थांबण्याचे कारण नाही.

थांबावे असे दशक त्यानंतरचे, साधारण 1970 ते 1982 पर्यंतचे आहे. त्याचा आरंभच अशांततेत झाला. मे 1970 मध्ये भिवंडी शहरात भीषण दंगल उसळली आणि 1984 मध्ये तेथे पुन्हा रक्त सांडले. या दोन दंगलींच्या मधल्या काळात, यंत्रमागांचा खडखडाट रात्रंदिवस चालणाऱ्या त्याच तालुक्याच्या दुसऱ्या टोकाला माणसे डोळे मिटून बसण्यासाठी समुद्रापलीकडून येत होती. एकाच तालुक्यातील या दोन वास्तवांचा एकत्र विचार मराठी इतिहासलेखनाने केलेला नाही. दंगलीवर चौकशी अहवाल निघाले, आश्रमावर भक्तिपर पुस्तके निघाली, आणि दोहोंच्या मधे राहणारा कुणबी, आगरी, वारली माणूस दोन्हीकडून सुटला.

या दशकाचे केंद्र होते स्वामी मुक्तानंद. मंगळूर परिसरात 1908 मध्ये जन्मलेले आणि तरुणपणी घर सोडून निघालेले मुक्तानंद येवला, चाळीसगाव अशा ठिकाणी वर्षानुवर्षे राहिले. नशिराबादच्या झिप्रुअण्णांसारख्या अवलियांच्या सहवासात ते वावरले आणि 15 ऑगस्ट 1947 रोजी त्यांना नित्यानंदांकडून दीक्षा मिळाली. पुढे 1956 मध्ये गणेशपुरीजवळच्या गावदेवी येथे तीन खोल्यांत त्यांचा आश्रम सुरू झाला, जो पुढे गुरुदेव सिद्धपीठ या नावाने ओळखला गेला. त्यांच्या पंथाचा गाभा शक्तिपात हा होता. शक्तिपात म्हणजे गुरूने स्पर्शाने, दृष्टीने, शब्दाने अथवा केवळ संकल्पाने शिष्यातील सुप्त कुंडलिनी जागी करणे. आणि जागृतीनंतर साधकाचे शरीर आपोआप हलणे, रडू कोसळणे, आसने घडणे या प्रकारांना क्रिया असे म्हटले जाते. मराठी वाचकाला हा विषय नवा नाही, कारण ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायात कुंडलिनीच्या जागृतीचे विस्तृत वर्णन आहे.

मुक्तानंदांचे आत्मकथन ‘चित्शक्तिविलास’ हे या काळातील सर्वांत महत्त्वाचे साधन मानावे लागते. त्यात गुरुमहिमा भरपूर आहे. परंतु त्याचे खरे मोल आहे ते दीक्षेनंतरच्या महिन्यांच्या वर्णनात. ध्यानात दिसलेल्या चार प्रकाशांचा क्रम त्यात दिला आहे: देहाएवढा लाल, अंगठ्याएवढा पांढरा, बोटाच्या पेराएवढा काळा आणि मसुराच्या दाण्याएवढा निळा. या शेवटच्या प्रकाशाला ते नीलबिंदू म्हणतात. त्याहून बोलका आहे तो भीतीचा भाग. सुकी येथील झोपडीत एकटे राहत असताना अंग आपोआप वळू लागले, जग पेटल्याची दृश्ये दिसू लागली आणि आपल्याला वेड लागत आहे अशी त्यांची खात्री होत चालली. पुढे ‘महायोग विज्ञान’ हा ग्रंथ त्यांच्या हाती लागला, त्यात याच अवस्थांचे वर्णन सापडले आणि ती भीती ओसरली. कोणा पूर्वसुरीने आपला अनुभव लिहून ठेवला नसता, तर पुढच्या साधकाचे काय झाले असते, हा प्रश्न या प्रसंगातून उभा राहतो आणि प्रस्तुत मागोव्याचा आधारही तोच आहे.

मुक्तानंदांनी 1970 मध्ये पहिला परदेश दौरा केला, 1974 ते 1976 मध्ये दुसरा आणि 1978 ते 1981 मध्ये तिसरा. या दौऱ्यांचा परिणाम म्हणजे गणेशपुरीच्या वाटेवर अमेरिकन, ऑस्ट्रेलियन आणि युरोपीय तरुणतरुणींची रीघ लागली. दिवस पहाटेच्या काळोखात सुरू होई. दिव्याची ज्योतही नसलेल्या ध्यानगुहेत चाचपडत आसन शोधायचे. शेजारी कोण आहे ते दिसायचे नाही, फक्त श्वास ऐकू यायचा. मध्येच कोणी हुंदका देई, कोणाच्या तोंडून आवाज फुटे, कोणाचे शरीर झटके देई, आणि तरीही बाकीच्यांनी डोळे उघडायचे नाहीत असा शिरस्ता होता. नंतर 182 श्लोकांची गुरुगीता, मग नामसंकीर्तन आणि सेवा, म्हणजे बाग, स्वयंपाकघर, झाडलोट यांतील विनामोबदला काम. एवढ्या शिस्तीच्या दिनक्रमाने अस्वस्थ मनाला आधार दिला, यात शंका घेण्याचे कारण नाही.

त्या काळाचे कौतुक करताना एक हिशेब मात्र चुकता करावा लागेल. मुक्तानंदांचे 2 ऑक्टोबर 1982 रोजी निधन झाल्यानंतर, 1983 मध्ये एका अमेरिकन नियतकालिकाने आणि 1994 मध्ये ‘न्यूयॉर्कर’ने स्त्रियांशी असलेल्या त्यांच्या वर्तनाविषयीचे व संस्थेतील कारभाराविषयीचे गंभीर आरोप छापले. भक्तांनी त्यांकडे पाठ फिरवली आणि टीकाकारांनी त्यांच्या आधारे ध्यानाचा सगळा अनुभवच भंपक ठरवला. या दोन्ही भूमिका आळशी आहेत. ज्या स्त्रियांनी तक्रार केली त्यांचे म्हणणे गांभीर्याने ऐकले जाणे हा न्यायाचा प्रश्न आहे, तर काळोख्या गुहेत बसलेल्या साधकाचे मन निवले की नाही हा अनुभवाचा प्रश्न आहे. एकाचे उत्तर दुसऱ्यावर लादल्याने दोन्ही प्रश्न अनुत्तरित राहिले. गुरूला शरण जाणे हेच साधन मानणाऱ्या परंपरेत शिष्याच्या रक्षणाची कोणतीही व्यवस्था नसावी, हा दोष तर आजच्या शिबिरांतही कायम आहे.

त्याच दशकात कसारा घाटाच्या वर वेगळ्या रीतीचे ध्यान रुजत होते. सत्यनारायण गोयंका 1969 मध्ये म्यानमारहून भारतात आले, जुलैमध्ये मुंबईत त्यांचे पहिले शिबिर झाले आणि 1976 मध्ये इगतपुरीच्या धम्मगिरी केंद्रात शिबिरे सुरू झाली. दहा दिवसांच्या विपश्यना शिबिरात आर्य मौन पाळावे लागते, म्हणजे बोलणे तर नाहीच, खुणा आणि नजरानजरही नाही. आरंभीचे तीन दिवस नाकपुड्यांपाशी येणाऱ्याजाणाऱ्या श्वासाकडे पाहायचे, ज्याला आनापान म्हणतात, आणि नंतर देहावरील संवेदना प्रतिक्रिया न देता निरखायच्या. तिसऱ्या दिवशीची गुडघ्यांची ठणक आणि घरी पळून जावेसे वाटणे हे शिबिरार्थींच्या बोलण्यात हमखास येते. गणेशपुरीत अनुभव व्यासपीठावरून सांगितला जात असे, तर इगतपुरीत प्रकाश वा दृश्ये दिसली तरी त्यांना महत्त्व देऊ नये अशी शिकवण होती. अनुभवाच्या प्रदर्शनाला आळा घालणारी ही दुसरी वाट अधिक निरोगी ठरली आणि शक्तिपाताच्या पंथापेक्षा महाराष्ट्रात ती अधिक खोल गेली, असे मत नोंदवणे भाग आहे.

1982 नंतरची दशके थोडक्यात सांगता येतात. गुरुमयी चिद्विलासानंद आणि त्यांचे बंधू मुक्तानंदांच्या गादीवर संयुक्तपणे आले, 1985 मध्ये बंधू बाजूला झाले, आणि पंथाचे कार्य मोठ्या प्रमाणावर अमेरिकेतील साउथ फॉल्सबर्गच्या आश्रमातून चालू लागले. प्रसाद चिकित्सा या संस्थेने तानसा खोऱ्यात केलेले आरोग्याचे काम मात्र विसरता येणार नाही. दरम्यान 1979 मध्ये जॉन कबाट-झिन यांनी मॅसॅच्युसेट्समधील रुग्णालयात बौद्ध ध्यानाला उपचाराचे रूप दिले होते. आणि लोणावळ्याच्या कैवल्यधामात स्वामी कुवलयानंदांनी 1924 पासूनच योगाचे प्रयोगशाळेत परीक्षण सुरू केले होते, तरीही तो अग्रक्रम मराठी समाजाला नीट आठवत नाही. मराठीत ध्यानाचा साधा, आजारी माणसाच्या अंगाने लिहिलेला अनुभव वाचायचा असेल, तर डॉ. अभय बंग यांच्या ‘माझा साक्षात्कारी हृदयरोग’ या पुस्तकाइतके प्रामाणिक लेखन फार थोडे सापडते.

आज अंबाडी नाक्यावर उभे राहिले की गोदामांकडे जाणारे कंटेनर, खड्ड्यांतून उडणारी धूळ आणि वाहनांचे भोंगे यांतून वज्रेश्वरीचा फाटा शोधावा लागतो. भिवंडी–वाडा रस्त्याच्या दुर्दशेविरुद्ध वारंवार आंदोलने झाली. रस्ता डागडुजीनंतर पुन्हा उखडला. शनिवार–रविवारी रिसॉर्ट आणि फार्महाउसमधील डीजेचा दणदणाट नदीपलीकडे पोहोचतो. शांतता क्षेत्रासाठी दिवसा 50 आणि रात्री 40 डेसिबलची मर्यादा कायद्यात आहे, पण कुंडाकाठी वा नित्यानंदांच्या समाधिमंदिराशेजारी ती पाळली जाते का, हे मोजण्याची तसदी कोणी घेत नाही. याच रस्त्यावर ताणमुक्तीचे एकदिवसीय कार्यक्रम जेवणासह विकले जातात. मोबाइलच्या ॲपवर घंटानाद ऐकणाऱ्या शहरी माणसाची गरज खोटी नाही; परंतु ज्या गावाची शांतता तो विकत घेऊ पाहतो, त्या गावाच्या रहिवाशाला रात्री झोप लागत नाही, ही परिस्थिती अन्यायाची आहे.

सर्वांत मोठी हानी मात्र आवाजामुळे झालेली नाही. त्या दशकात परदेशी साधकांनी आपले अनुभव इंग्रजीत विपुल लिहिले, स्वामींचे अनुभव छापले गेले, पण नाक्यावर वाट दाखवणारे, आश्रमाला दूध घालणारे, भिंती बांधणारे, स्वयंपाकघरात भाकऱ्या थापणाऱ्या स्त्रिया, आणि रात्री हरिपाठाच्या वा भजनाच्या ठेक्यात स्वतःचे मन स्वतःच्या रीतीने निववणारे लोक यांच्या चित्तात काय घडत होते, याची नोंद मराठीत शोधू गेल्यास हाती फारसे काही लागत नाही. त्या काळी विशीत असलेली माणसे आता साठीसत्तरीच्या पुढे आहेत. भिवंडी, वाडा आणि वसई येथील महाविद्यालयांच्या मराठी व इतिहास विभागांनी अंबाडी ते गणेशपुरी या पट्ट्यातील वृद्धांच्या मुलाखती त्यांच्याच बोलीत ध्वनिमुद्रित कराव्यात, त्या जिल्ह्याच्या ग्रंथालयांत सर्वांना खुल्या ठेवाव्यात आणि हे काम येत्या उन्हाळी सुटीतच सुरू करावे, अशी आग्रहाची विनंती आहे.