रेंज गेली, रस्ता नाही

पुण्याच्या पेठांत पत्ता सांगायची रीत अजून जुनीच आहे. 'पत्र्या मारुतीवरून आत या, दोन बोळ सोडा, तिसऱ्यात विचारा.' माहितगार माणूस तेवढ्यावर पोचतो, नवखा मोबाईल काढतो. त्यावरचे नेहमीचे नकाशे आता इतके बोलके झालेत की रस्ता दिसायच्या आधी हॉटेलं, सवलती आणि लोकांचे अभिप्राय दिसतात. बँक, दवाखाना, मावशींचं नवं घर एवढ्या फेऱ्यांना हे सगळं लागतंच का, हे पाहावं म्हणून सध्या 'ऑरगॅनिक मॅप्स' हे फुकट ॲप वापरतो आहे.

त्याचा साधेपणा सुरुवातीलाच कळतो. खातं उघडायला लागत नाही, जाहिरात नाही, तुम्ही कुठे गेलात याची नोंद ते कुणाला धाडत नाही. घरच्या वायफायवर महाराष्ट्राचा नकाशा एकदा उतरवून घ्यायचा. पुढे जागा शोधणं आणि मार्ग काढणं फोनमध्येच होतं. वरंध घाटात रेंज गेली तरी बाण पुढे सरकत राहतो.

'नेट बंद असताना जीपीएस कसं चालेल?' हा प्रश्न हमखास येतो. खरं तर जीपीएसला इंटरनेट लागतच नाही. सुमारे 20,200 किलोमीटर उंचीवरून फिरणारे उपग्रह आपली जागा आणि अचूक वेळ सतत सांगत असतात. फोन काही पाठवत नाही, फक्त ऐकतो. संदेश पोचायला किती वेळ लागला यावरून उपग्रहाचं अंतर निघतं आणि अशी अंतरं जुळवून तुमची जागा. त्यासाठी किमान चार उपग्रह हवेत. तिघांत भागलं असतं, पण फोनचं घड्याळ उपग्रहातल्या अणुघड्याळाच्या तोडीचं नसतं. त्यातली चूक काढायला चौथा. नेट असलं की उपग्रह कुठे आहेत ही माहिती फोनला आयती मिळते आणि जागा चटकन सापडते. नसलं तर मोकळ्या आभाळाखाली जरा थांबावं लागतं. उंच इमारतींमधल्या अरुंद बोळात मात्र नेट असो वा नसो, संदेश भिंतींवर आपटून उशिरा पोचतात आणि बाण खुशाल शेजारच्या गल्लीत जाऊन उभा राहतो.

नकाशाचा कच्चा माल येतो 'ओपनस्ट्रीटमॅप'मधून. स्टीव्ह कोस्ट यांनी 2004 साली इंग्लंडमध्ये सुरू केलेला हा उपक्रम. जगभरचे स्वयंसेवक त्यात रस्ते, पाणवठे, दुकानं भरतात. 2010 च्या हैतीतल्या भूकंपानंतर राजधानीचे रस्ते अशाच लोकांनी दूरवर बसून, उपग्रहचित्रं पाहून काही दिवसांत रेखाटले होते. आपल्याकडे याचा फायदा डोंगरात जास्त. सह्याद्रीतल्या कितीतरी पायवाटा भटक्यांनी चढवल्या आहेत आणि ॲपमध्ये समोच्चरेषाही दिसतात. शहरात जिथे कुणी हौशी माणूस राहतो, तिथे नकाशा घनदाट. जिथे नाही, तिथे नुसता रस्ता आणि दोन्ही बाजूंना कोरी जागा.

आता उणं. वाहतूककोंडी यात दिसत नाही. कोंडी कळते ती हजारो फोन किती वेगाने सरकताहेत हे गोळा करूनच, आणि हे ॲप तर तुमचा माग काढतच नाही. त्यामुळे शिवाजी रस्ता आणि बाजीराव रस्ता एकेरी आहेत हे नकाशात भरलेलं असेल तर ते पाळेल. पण गणपतीत अचानक बंद केलेला रस्ता त्याला कळणार नाही. शोधही नावाच्या अचूक लेखनावर बराच अवलंबून.

या ॲपची वंशावळ जरा गमतीची आहे. 'मॅप्सविथमी' हे मूळ ॲप. पुढे त्याचं 'मॅप्स.मी' झालं, 2014 मध्ये ते एका रशियन कंपनीने घेतलं. त्याच्याच खुल्या संगणकीय आज्ञावलीवरून मूळ मंडळींनी 2021 मध्ये 'ऑरगॅनिक मॅप्स' आणलं. त्यातही कारभारावरून मतभेद झाले आणि 2025 मध्ये 'कोमॅप्स' वेगळं निघालं. भाऊबंदकी फक्त आपल्याकडेच असते असं नाही! वापरणाऱ्याला दोन्ही जवळपास सारखीच.

माझं मत विचाराल तर सकाळी हिंजवडी गाठणाऱ्याने कोंडी दाखवणारा नकाशा सोडू नये. पायी, सायकलवर, दुचाकीवर गावात फिरणाऱ्याला आणि गडावर जाणाऱ्याला मात्र हे पुरून उरतं. आणि तुमच्या गल्लीतली पिठाची गिरणी नकाशात नसेल, तर ओपनस्ट्रीटमॅपचं खातं काढून ॲपमधूनच ती भरता येते. एकच पथ्य पाळा: माहिती डोळ्यांनी पाहिलेली असावी, दुसऱ्या कंपनीच्या नकाशावरून उतरवलेली नको. परवान्याला ते चालत नाही.